‘भविष्यातील उपचार’ या एका ओळीविषयी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात मधूनमधून बातमी येते की अमुक अपघातग्रस्ताला न्यायाधिकरणाने इतक्या लाखांची भरपाई मंजूर केली. मथळ्यात रक्कम असते, खाली अपघात कुठे झाला ते असतं, विमा कंपनीला किती टक्के व्याज लावलं तेही असतं. मी ती बातमी शेवटपर्यंत वाचतो आणि तिच्यात एकच गोष्ट शोधतो: या रकमेतले पुढच्या उपचारांचे किती? ते लिहिलेलं नसतं. बातमीदाराचा दोष नाही. मूळ अर्जातच त्यावर एक ओळ असते, आणि ती ओळ मी माझ्या हातांनी शेकडो वेळा टाइप केली आहे.

इंदूरच्या जिल्हा न्यायालयाशी मी 33 वर्षं टायपिंग केलं. सुरुवातीला रेमिंग्टनच्या मशीनवर, पुढे संगणकावर कृतिदेव या हिंदी फॉन्टमध्ये. जामिनाचे अर्ज, भाडेकरार, शपथपत्रं, आणि सगळ्यात जास्त क्लेम केस, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे अर्ज. इथलं कामकाज हिंदीत. बोटांना हिंदी आणि डोक्यात मराठी, अशी सगळी हयात गेली. क्लेम केसचा नमुना ठरलेला असे. वकिलांचा मुन्शी एफआयआर, एमएलसी (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली नोंद), डिस्चार्ज कार्ड आणि बिलांची चळत पुढ्यात टाकून जाई. मी जुनी फाइल उघडून नाव, वय, गाडीचा नंबर आणि कुठलं हाड मोडलं एवढं बदलत असे. नुकसानीच्या तपशिलाच्या परिच्छेदात एक ओळ होती, ‘भविष्य में होने वाला उपचार व्यय, 50,000 रुपये’. ती बदलायचं कोणाला सुचत नसे. बोट मोडलेलं असो की मणका, तिथे पन्नास हजारच.

2019 च्या फेब्रुवारीत मी हीच ओळ माझ्या सख्ख्या भाच्याच्या अर्जात टाइप केली आणि तशीच राहू दिली. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

भाचा आचारी. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. अठराव्या वर्षापासून लग्नांच्या स्वयंपाकात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या कितीतरी घरांनी त्याच्या हातची बासुंदी आणि मसालेभात खाल्ला असेल. 2018 च्या डिसेंबरात बायपासवरच्या एका गार्डनमधलं लग्न आटोपून पहाटे तीनच्या सुमारास तो सोबत्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी येत होता. चुकीच्या बाजूने आलेल्या मेटाडोरने दोघांना घासत नेलं. सोबत्याचं मनगटावर निभावलं. याचा डावा पाय घोट्यापासून वर चिरडला गेला. तेव्हा तो 29 वर्षांचा होता.

ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे गुडघ्याच्या वरून पाय काढायचं ठरलं होतं, संमतीच्या कागदावर बहिणीची सहीसुद्धा झाली होती. तेवढ्यात तिच्या जाऊबाईंच्या ओळखीने दुसरीकडे हलवलं. तिथल्या सर्जननी जखम बराच वेळ पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पाय जाईल. गुडघा राहतो का ते बघतो." त्यानंतर एक दिवसाआड त्याला आत नेऊन जखम धुतली, मेलेलं मांस काढलं. मग जखमेवर स्पंज, स्पंजावर पारदर्शक चिकटपट्टी, पट्टीतून निघालेली नळी एका डब्याला, आणि डब्याचं यंत्र रात्रंदिवस आतली हवा ओढत असे. सगळे त्याला ‘व्हॅक’ म्हणत. अकरा दिवसांनी पट्टी काढली तेव्हा खाली डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस भरून आलं होतं. मांडीची कातडी काढून त्यावर बसवली. गुडघ्याखाली 12 सेंटिमीटर पाय राहिला.

या 12 सेंटिमीटरचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. गुडघा स्वतःचा असला की कृत्रिम पायावर चालायला कितीतरी कमी दम लागतो, जिना चढता येतो, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं. गुडघाच गेला तर यंत्राचा गुडघा लागतो, आणि मायक्रोप्रोसेसरवर चालणारा चांगला गुडघा काही लाखांचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फायलींमध्ये मी अशा जखमांपुढे सरळ ‘घुटने के ऊपर से’ असं टाइप करत होतो. आता तोच पाय गुडघ्याखाली वाचतो आहे. हे थोडंथोडकं नाही, आणि ज्यांनी ते केलं त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे आम्ही जन्मभर ऋणी आहोत.

केंद्र सरकारने मे 2025 मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. आम्हाला त्या वेळी ती मिळाली असती तर बहिणीला पहिल्याच रात्री पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या नसत्या. योजना चांगली आहे, लोकांनी तिची माहिती ठेवावी. माझं म्हणणं आठव्या दिवसापासूनचं आहे.

भाचा घरी आला तेव्हा त्याला नसलेला पाय दुखायचा. बोटं कोणीतरी पिळतंय असं म्हणायचा, रात्री दोन वाजता उठून बसायचा. बहिणीला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. फिजिओथेरपीच्या ताईंनी घरातला आरसा मागितला. कपाटाच्या दाराचा लांब आरसा आम्ही स्क्रू काढून उतरवला. तो त्याच्या दोन्ही पायांच्या मधे उभा धरायचा, त्याने उजवा पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. आरशात डावा पाय दिसतो, बोटं सैल सोडताना दिसतात, आणि मेंदूची समजूत पटते. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात ही युक्ती शोधली. मी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं तो आरसा धरून बसत असे. तीन आठवड्यांनी तो पहिल्यांदा सलग रात्र झोपला. या उपचाराला एक रुपया लागला नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. कोणाच्या घरी असं दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून बघावं.

पहिला पाय एका शिबिरात मोफत मिळाला, जयपूर फूट. 1968 च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्या लोकांसाठी घडवला: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, चिखलात जाता यावं. त्या पायाने भाच्याला पुन्हा उभं केलं, त्याच्याबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. पण आचाऱ्याचं काम म्हणजे भट्टीसमोर दहा तास उभं राहणं. दुसऱ्याच लग्नात उरलेल्या पायाला, ज्याला सगळे स्टंपच म्हणतात, पुढच्या हाडावर जखम झाली आणि दोन महिने पाय घालता आला नाही. मग सिलिकॉनच्या लायनरचा (स्टंपवर चढवायची मऊ खोळ), कार्बनच्या पावलाचा पाय घेतला. 1,65,000 रुपये.

हा पाय तो कसा घालतो ते सांगतो, कारण खटल्यात हे कोणी विचारलं नाही. सकाळी कॉटच्या कडेला बसून लायनर उलटा करून स्टंपवर गुंडाळत वर चढवतो. लायनरच्या टोकाला खाचा पाडलेली पिन असते. उभा राहून वजन टाकलं की ती सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंप बसतो त्या कडक साच्यात, शिरते आणि टक, टक, टक असे ठोके पडतात. चार ठोके पडले तर नीट बसला. सहा पडले तर स्टंप बारीक झालाय, मग काढून वर एक मोजा चढवायचा. दिवसभरात स्टंप उतरतच जातो: सकाळी एक मोजा, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. मेमध्ये भट्टीजवळ लायनर काढला की आतून पाणी सांडतं, इतका घाम. पुसून, वाळवून पुन्हा घालायचा, नाहीतर फोड. एक लायनर सव्वा वर्ष जेमतेम टिकतो, 32,000 रुपये. स्टंपचा आकार बदलला की सॉकेट नवं. पूर्ण पाय पाच-सहा वर्षांनी.

आता खटला. आमचे वकील प्रामाणिक होते, केस त्यांनी मनापासून चालवली. पण फाइल माझ्या नमुन्यावर उभी होती. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी डॉक्टर साक्षीला आले, अपंगत्वाचं प्रमाणपत्र 60 टक्क्यांचं. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत दोनच प्रश्न विचारले. कृत्रिम पाय बसवून रुग्ण चालू शकतो का? हो. जयपूर फूट मोफत मिळतो ना? हो. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण तो पाय घालून दहा तास उभं राहता येतं का, हे आमच्या बाजूने कोणी विचारलंच नाही. त्या दिवशी मागच्या बाकावर मी बसलो होतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये अवॉर्ड, म्हणजे न्यायाधिकरणाचा भरपाईचा निकाल, झाला. ज्यांना ही गणितं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. केटरिंगवाल्याकडे पगाराची पावती नसते, म्हणून उत्पन्न कलेक्टर रेटच्या (जिल्ह्यातल्या ठरीव मजुरीच्या दराच्या) आसपास, महिना 9,000 धरलं. वर्षाचे 1,08,000. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून 40 टक्के जास्त, 1,51,200. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात; वय 26 ते 30 असेल तर हा गुणक 17, म्हणजे 25,70,400. त्याचे 60 टक्के, 15,42,240. त्यात बिलांचे 2,85,000, वेदनेचे एक लाख, पथ्यपाणी आणि सोबतीच्या माणसाचे थोडे, आणि भविष्यातील उपचाराचे 50,000. एकूण सुमारे 20 लाख. बातमी झाली असती तर मथळा चांगला झाला असता.

यात दोन गोष्टी चुकल्या, आणि दोन्ही टाळता आल्या असत्या.

पहिली, ते 60 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात 2010 मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची टक्केवारी आणि कमाई बुडाल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी. त्या निकालात उदाहरण आहे: डावा हात गेला तर प्रमाणपत्र साधारण 60 टक्क्यांचं मिळेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कचेरीतला कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. म्हणजे माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो, हे पुराव्याने सांगावं लागतं. भाच्याबरोबर काम करणारा एखादा हलवाई किंवा केटरिंगचा मालक साक्षीला उभा करायला हवा होता. तो सांगता, साहेब, आचारी बसून काम करत नाही. आम्ही कोणाला उभं केलं नाही. टायपिस्टला टक्के कळतात, भट्टी कळत नाही.

दुसरी चूक ती ओळ. एका रविवारी मी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागे हिशेब मांडला. 29 पासून 70 पर्यंत 41 वर्षं. सहा वर्षांनी एक पाय धरला तर सात पाय, 11,55,000. सव्वा वर्षाने एक लायनर धरला तर 32 लायनर, 10,24,000. दोन्ही मिळून 21,79,000. सॉकेट, मोजे, डॉक्टरांच्या फेऱ्या यात नाहीत, महागाई नाही. बँकेत ठेवलेल्या पैशाला व्याज मिळतं हे मला ठाऊक आहे, पण वीस वर्षांनी लायनर 32,000 ला मिळणार नाही हेही ठाऊक आहे. नुसता पाय वापरता ठेवायला अख्ख्या अवॉर्डपेक्षा जास्त पैसे लागतात, आणि त्यासाठी आम्ही मागितले पन्नास हजार. न्यायाधिकरणाने मागितले तेवढे पूर्ण दिले. कोणाला बोल लावू?

डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे आमच्या अवॉर्डनंतर तेरा महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाचा मोहम्मद साबिर यांच्या खटल्याचा निकाल आला. बसच्या अपघातात पाय गेलेला, वय 37. न्यायालयाने म्हटलं, हा माणूस सत्तर वर्षांपर्यंत जगेल असं धरलं पाहिजे आणि आयुष्यात तीन कृत्रिम पाय घेता येतील इतके पैसे त्याला मिळाले पाहिजेत. पायांसाठी 7,80,000 आणि देखभालीसाठी वेगळे 5,00,000. माझ्या मते तीन पाय कमीच आहेत. पण पाय एकदा घेऊन भागत नाही, ही गोष्ट देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने मोजून लिहिली. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात, जी अपघातानंतर कायमची परावलंबी झाली, दोन सोबतिणींचा महिन्याचा खर्च धरून त्याला 18 चा गुणक लावला आणि 21,60,000 रुपये फक्त सोबतीचे दिले. म्हणजे मोजायची रीत आहे. पण आधी कोणीतरी ते अर्जात लिहायला हवं, आणि त्याचा पुरावा द्यायला हवा.

उच्च न्यायालयात अपील करायची मुदत 90 दिवसांची. ते दिवस आमचे अवॉर्डचे पैसे केव्हा सुटतात याची वाट बघण्यात गेले. मेहुण्यांची तब्येत त्याच वेळी खालावली होती, पाटल्या अजून सावकाराकडे होत्या. पैसे आले तेव्हा पुन्हा कोर्टाची पायरी चढायचं नावही कोणी काढलं नाही.

मग 2022 च्या पावसाळ्यात स्टंपच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू झालं. चादर घासली तरी वीज चमकल्यासारखं. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली होती. पूर्वी ती गाठ कापत आणि टोक आत दाबून ठेवत. कित्येकांना पुन्हा व्हायची. आता त्या नसेचं टोक जवळच्या स्नायूत जाणाऱ्या बारीक नसेला जोडतात. डॉक्टर म्हणाले, नसेला कुठे पोचायचं ते मिळालं की ती भटकत नाही, गाठ करत नाही. ही शस्त्रक्रिया या शतकाच्या सुरुवातीला शिकागोत निघाली, ती मुळात नुसत्या विचाराने चालणाऱ्या यांत्रिक हातांसाठी. दुखणं थांबतं हा फायदा नंतर लक्षात आला. 2023 मध्ये अवंतिका एक्स्प्रेसने त्याला मुंबईला नेलं. ऑपरेशन, राहणं, येणं-जाणं धरून 1,80,000 रुपये. दुखणं गेलं. गाडीतून परत येताना तो खालच्या बर्थवर स्टंपवर हात ठेवून झोपला होता. त्याआधी वर्षभर तिथे कोणाचा हात लागू देत नसे.

इंदूरला आल्यावर मी बिलं घेऊन वकिलांकडे गेलो. हे दुखणं त्याच अपघाताचं, हे आता तरी कंपनीकडून मागता येईल का? ते म्हणाले नाही, आणि कपाटातून नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग हा 2002 चा निकाल काढून समोर ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे की मोटार वाहन कायद्यात शेवटचा अवॉर्ड झाल्यावर पुन्हा दुसरा अवॉर्ड देण्याची तरतूदच नाही. म्हणून पुढे लागणाऱ्या उपचारांचा विचार न्यायाधिकरणाने पहिल्याच वेळी करायचा. त्याच निकालात असंही आहे की अर्जात मागितलं त्यापेक्षा जास्त रक्कम न्याय्य वाटली तर ती द्यायला न्यायाधिकरणाला मनाई नाही. म्हणजे पुढची चाळीस वर्षं एकदाच, एकाच दिवशी मोजायची. जी शस्त्रक्रिया त्या दिवशी आमच्यापैकी कोणाला ऐकूनही माहीत नव्हती, तिचे पैसे कोण आणि कसे मोजणार? स्वीडनमध्ये 1990 मध्ये मांडीच्या हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवून त्यालाच बाहेरून पाय जोडायची सुरुवात झाली, सॉकेटची भानगडच नाही. भाचा मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघतो. उद्या ते इंदुरात आलं, आटोक्यात आलं, तरी त्याच्या फाइलवर ‘निराकृत’, म्हणजे प्रकरण निकाली, असा शिक्का आहे.

माझ्या मते कायद्यात ही खिडकी ठेवायला हवी. अपघात कोणामुळे झाला, दोष कोणाचा, कमाई किती, हे एकदा ठरलं की ठरलं, ते पुन्हा उकरू नये. पण गंभीर दुखापतीत उपचाराचा खर्च एवढी एकच बाब उघडी ठेवून, दर काही वर्षांनी बिलं दाखवून त्याच न्यायाधिकरणाकडे जाता आलं पाहिजे. इंग्लंडमध्ये 2005 पासून न्यायालयं गंभीर जखमींना एकरकमी पैशाऐवजी दरवर्षी ठरावीक रक्कम, आयुष्यभर, असा हुकूम देऊ शकतात. आपले खासदार हे वाचत असतील तर त्यांनी हा विषय हाती घ्यावा. मी मनापासून सांगतो, यात कोणाची मेहेरबानी नको. विम्याचे हप्ते आपण सगळे भरतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज ज्यांच्या घरी माणूस रुग्णालयात आहे त्यांच्यासाठी, टायपिस्टच्या अनुभवाने, थोडं सांगतो.

1 एप्रिल 2022 पासून क्लेमचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे, तेव्हा बरं वाटल्यावर बघू असं करू नका. पण लवकर अर्ज करणं वेगळं आणि लवकर मिटवणं वेगळं. पाय गेला असेल तर स्टंपचा आकार स्थिर व्हायलाच कित्येक महिने लागतात. मेंदूला मार असेल तर माणूस पुढे किती सावरेल हे पहिल्या वर्षात डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. लोकअदालत वाईट असं मी म्हणत नाही, हाडं जुळून माणूस कामाला लागला असेल तर जरूर मिटवावं. पण ज्याला आयुष्यभर काहीतरी घालून, टोचून, नळी लावून जगायचंय, त्याची सही घाईने घेऊ नका.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आणि कृत्रिम अवयव बनवणाऱ्या नोंदणीकृत प्रोस्थेटिस्टकडून एक कागद मागून घ्या: पुढे कोणकोणत्या वस्तू लागतील, प्रत्येक किती टिकते, आजची किंमत काय, ऑपरेशन पुन्हा लागण्याची शक्यता किती. मणक्याची दुखापत असेल तर लघवीच्या नळ्या, दर दोन तासांनी कूस बदलायला लागणारं माणूस, हवेची गादी, सगळं त्यात यावं. तो कागद नुसता जोडू नका, देणाऱ्याला साक्षीला बोलवा. डॉक्टर येत नाहीत ही तक्रार खरी आहे. ऑपरेशन सोडून दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात कोण बसेल? पण राजकुमारच्या निकालातच सांगितलं आहे की न्यायाधिकरणांनी डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, ताटकळत ठेवू नये. तो परिच्छेद अर्जाला लावून वेळ मागा.

आणि बिलं. मेडिकलच्या दुकानातली चकचकीत कागदावरची बिलं सहा महिन्यांत कोरी होतात. आमच्या पिशवीत अशी एक चळतच निघाली, उजेडात धरली तरी अक्षर दिसेना. खर्च झाला होता 4,60,000, दाखवता आले 2,85,000. घेतल्या दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा, मागे तारीख लिहा.

इंदूरच्या तरुण वकील मंडळींना आणि माझ्यानंतर त्या टेबलांवर बसलेल्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे. जुन्या फाइलवर नवं नाव चढवताना ती एक ओळ आधी पुसा. तिथे जागा रिकामी दिसू द्या, म्हणजे कोणीतरी विचारेल की इथे काय लिहायचं. मी 33 वर्षांत हे केलं नाही. माझ्या हातून गेलेल्या फायलींमधल्या कितीजणांच्या आज चपला झिजत नाहीत, कारण त्यांचे पाय कपाटाखाली पडून आहेत, याचा विचार मला रात्री येतो.

संपादकमहाशय, आपल्यालाही एक विनंती. भरपाईची बातमी छापताना आपल्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा, की यातले पुढच्या उपचाराचे किती. दोन-चार वेळा तो आकडा छापून आला तर वकिलांच्याही डोळ्यांना सवय होईल.

भाचा आता चार तासांच्या वर उभं राहायचं काम घेत नाही. सकाळी बहीण आणि तो मिळून डबे करतात, चाळीसेक डबे जातात. कणीक मळायला त्याने उंच स्टूल करून घेतलं आहे. गॅसच्या कट्ट्यावर साबुदाण्याच्या डब्यामागे एक स्टीलचा डबा आहे, त्यात महिन्याला 2,500 पडतात. सध्याच्या लायनरला आतून चीर गेली आहे, पुढचा गुढीपाडव्याच्या आसपास घ्यावा लागेल. डब्यात आज 17,500 आहेत.

(भाच्याच्या इच्छेनुसार नाव छापू नये ही विनंती.)

आपला,
एक निवृत्त टंकलेखक
लोकमान्य नगर, इंदूर